उजळून घेतलेला अंधार

गेल्या आठवड्यात एका रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठले, तर सुमेधच्या खोलीतून एक कोरडा पुरुषी आवाज येत होता. "बँक अँगल. बँक अँगल." बावीस वर्षं बँकेत काढल्यामुळे त्या शब्दाला माझे कान आपोआप टवकारतात. दार ढकललं. दिवा बंद, टेबलाला क्लॅम्पने आवळलेली जॉयस्टिक, हेडफोन गळ्यात लोंबकळतोय आणि स्क्रीनवर एक पांढरंशुभ्र जम्बो विमान डाव्या पंखावर कलत कलत काळ्या पाण्याकडे निघालेलं. खिडक्यांभोवती लाल महिरपी. लहानपणी एअर इंडियाच्या कॅलेंडरवर असायच्या, अगदी तशाच. मी काही विचारायच्या आत विमान पाण्यात गेलं आणि स्क्रीन गोठली. सुमेध मान न वळवता म्हणाला, "मावशी, दोनच मिनिटं. या वेळी अठ्ठ्याण्णव सेकंदांत गेलं. तीन कमी पडले."

मी पाणी न पिताच परत येऊन आडवी झाले.

सुमेध माझ्या बहिणीचा मुलगा. नाशिकहून इंजिनीअरिंगला ठाण्यात आला आणि आमच्या मधल्या खोलीत राहतो. गुणी आहे, जेवलेलं ताट उचलतो, आजीला दर रविवारी न चुकता फोन करतो. फक्त त्याचा छंद असा, की पाहुण्यांना सांगताना मी "विमानांचे व्हिडिओ बनवतो" एवढ्यावरच थांबते. जुने विमान अपघात तो सिम्युलेटरवर पुन्हा घडवतो, रेकॉर्ड करतो, खाली वेळ आणि उंची टाकतो, आवाज जोडतो. त्याच्याकडे एक एक्सेल शीट आहे. टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जम्बोंची टक्कर, २७ मार्च १९७७, ५८३ माणसं. जपान एअरलाइन्सचं १२३ नंबरचं उड्डाण, १२ ऑगस्ट १९८५, ५२० माणसं. आल्प्समधलं माँ ब्लाँ, २४ जानेवारी १९६६, ११७ माणसं. त्यात होमी भाभा होते म्हणून त्या ओळीला पिवळा रंग. जुन्नरच्या डोंगरावर आदळलेलं अलिटालियाचं डीसी-८, ७ जुलै १९६२, ९४ माणसं. जुन्नरला मी किती वेळा गेलेय, पण हे मला त्या शीटमधून कळलं. शेवटच्या रकान्यात 'झालं' किंवा 'बाकी'. दिवसभर शाखेत मीही असलेच रकाने भरत असते, त्यामुळे शीट नेटकी आहे हे माझ्या आधी लक्षात आलं आणि त्यात काय भरलंय ते नंतर. याचा मला थोडा रागही आला, स्वतःचाच.

सध्या 'बाकी'मध्ये होतं 'सम्राट अशोक'. १ जानेवारी १९७८, रविवार. सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं जम्बो, २१३ माणसं. उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी वांद्र्यासमोरच्या समुद्रात. किनाऱ्यापासून जेमतेम तीन किलोमीटर, म्हणजे बँडस्टँडवर भुट्टा खात उभं राहिलं की समोर जे पाणी दिसतं, तेच. घातपाताची शंका आधी आली होती, ती टिकली नाही. चौकशीतून पुढे आली ती साधी आणि म्हणूनच जास्त भीतिदायक गोष्ट: वैमानिकासमोर एक गोल यंत्र असतं, वर निळं, खाली तपकिरी, मधली रेघ म्हणजे क्षितिज. विमान कललं की रेघ कलते. उड्डाणानंतर विमान थोडं उजवीकडे वळून सरळ झालं, पण कॅप्टनसमोरची रेघ सरळ झालीच नाही. यंत्र सांगत राहिलं, तू अजून उजवीकडे कललेला आहेस. कॅप्टनने ते सावरायला डावीकडे वळवलं. आणखी डावीकडे. आणखी. सह-वैमानिकासमोर तसलंच दुसरं यंत्र होतं, मध्ये तिसरं राखीव होतं, दोन्ही ठीक होती. कॉकपिटमधलं शेवटचं बोलणं टेपवर आहे. माझ्या यंत्राला झालं काय, असं कॅप्टन विचारतात. माझंही कलंडलंय, असं सह-वैमानिक म्हणतात. मागे बसलेले फ्लाइट इंजिनीअर सांगू बघतात की त्यावर जाऊ नका. तोवर वेळ संपली होती.

'माझंही कलंडलंय' या वाक्यावर सुमेध आणि मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. मूळ इंग्रजीत त्यांनी 'टॉपल्ड' हा शब्द वापरला. त्याचा अर्थ 'यंत्र बिघडलंय' असाही होतो आणि 'माझं यंत्र फार कललेलं दाखवतंय' असाही. दुसरा अर्थ घेतला तर ते खरं बोलत होते, त्यांचं यंत्र बरोबर होतं, विमानच कललेलं होतं. ऐकणाऱ्याने पहिला घेतला असेल तर झालं, दोन्ही यंत्रं गेली. आमच्याकडे 'सिस्टिम गेली' असं कुणी ओरडलं की तिची स्क्रीन गेली, सर्व्हर गेला की वीज गेली हे उठून जाऊन बघावं लागतं. त्यांना उठून जायला कुठे होतं?

तर त्या रात्री सुमेधची अडचण तीन सेकंदांची होती. दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या बशीवर त्याने सगळ्या अडचणी मांडल्या. जुनं ७४७-२०० मिळालं, फ्लाइट इंजिनीअरच्या टेबलासकट. त्यावरचा एअर इंडियाचा रंगही कुणीतरी हौसेने करून ठेवलाय. पण विमान जास्त कललं की 'बँक अँगल' ओरडणारा आवाज त्या काळच्या जम्बोत नव्हता, तो शोधून बंद करायचा. वांद्र्याचा सी लिंक २००९चा, तो दिव्यांसकट उभा आहे, तो काढायचा कसा ते सापडत नव्हतं. आणि सगळ्यात मोठी अडचण अंधाराची. त्याने सिम्युलेटरला खरी तारीख आणि वेळ दिली, रात्री सव्वाआठच्या आतबाहेर. पौर्णिमा होऊन आठवडा झालेला, चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवणार. धावपट्टी पश्चिमेकडे तोंड करून, जुहूचा किनारा ओलांडला की पुढे काहीच नाही. खालीही काळं, वरही काळं, मध्ये शिवण नाही. रेकॉर्डिंग पाहिलं तर स्क्रीनवर निव्वळ डांबर. "काही दिसतच नाही गं," तो म्हणाला. "लोक तीन सेकंदांत पुढे जातील." मग त्याने चंद्र आणला. पाण्यावर थोडी चमक आणली. मी आदल्या रात्री दारातून जे बघितलं, ते देखणं विमान, तो कललेला पंख, ती लाल महिरप, ते सगळं या उसन्या चांदण्यात होतं.

चमचा बशीत ठेवून मी म्हटलं, "अरे, दिसत नव्हतं म्हणूनच तर पडलं ना ते?"

तो काही बोलला नाही. लिंबू पिळत राहिला.

मला लहानपणची फुगडी आठवली. मंगळागौरीला आईच्या मैत्रिणी जमायच्या, त्यातल्या एक जाडजूड काकू मला धरून अशा गरगरवायच्या की पायाखालची फरशी रेघ होऊन जायची. त्या थांबल्या की मी थांबलेली असायचे, पण घर उलट्या दिशेने फिरायला लागायचं आणि मी त्याला विरोध म्हणून भलत्याच बाजूला धाव घ्यायचे, थेट ट्रंकेवर. सगळ्या हसायच्या. कानातलं जे पाणी आपल्याला कळवतं की तू वळतोयस, ते वळण संपल्यावरही थोडा वेळ चुकीचं कळवत राहतं आणि सावकाश वळलं तर कळवतच नाही. घरात ट्रंक असते, खिडकी असते, काकू असतात. डोळा सांगतो की कान खोटं बोलतोय. सगळे दिवे मालवले आणि भिंतीवरच्या घड्याळानेही खोटं सांगायचं ठरवलं तर? टेपवरच्या त्या बोलण्यामागे हे असणार, असं मला वाटतं. पुढे अमेरिकेत बोइंग आणि यंत्रं बनवणाऱ्यांवर दावा झाला, १९८५ साली न्यायाधीशांनी तो फेटाळला. दोष कॅप्टनच्या बाजूला राहिला. असेलही. तीन यंत्रं होती, एकच बिघडलं होतं, हे कागदावर खरंच आहे.

आता सुमेधची तीन सेकंदं. ती कमी का पडत होती? कारण तो विमान मुद्दाम पाडत होता, आणि मुद्दाम पाडणाऱ्याचा हात घाईचा असतो. हे त्याचंच म्हणणं. हळू पाडायला गेलं की हात आपोआप सावरतो. चार वर्षं सिम्युलेटर उडवल्यावर कलणारं विमान सरळ करणं हे त्याच्या मनगटात मुरलंय. म्हणजे त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या, सावरला तर विमान वाचणार, व्हिडिओ वाया. पाडलं तर ते त्या रात्रीसारखं पडणार नाही. कॅप्टन पाडत नव्हते. ते त्या १०१ सेकंदांतलं शेवटचं वळणसुद्धा विमान सरळ करण्यासाठी घेत होते. असले व्हिडिओ मी आजवर त्याच्या खांद्यावरून कितीतरी बघितले असतील, पण प्रत्येकामागे कुणीतरी हात आहे आणि तो खऱ्या हाताच्या नेमका उलट काम करतोय, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शनिवारी रात्री त्याने एक युक्ती काढली आणि मला त्यात ओढलं. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर एक पान उघडून दिलं, त्यात विमानातल्या यंत्रांची लांबलचक यादी, प्रत्येकापुढे चौकोन. "मी उड्डाण केलं की तुला वाटेल तेव्हा कॅप्टनचं क्षितिज बंद कर. मला सांगू नकोस. चेहऱ्यावरही दाखवू नकोस." चंद्र काढला. पंखा बंद केला, म्हणे आवाज विचलित करतो. मी पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले, मांडी भाजायला लागली. पहिल्यांदा विमान सुटल्यावर वीस सेकंदांनी टिचकी मारली, त्याने क्षणात ओळखलं आणि शेजारच्या यंत्राकडे बघून विमान सरळ ठेवलं. दुसऱ्यांदा उशिरा मारली. ओळखलं. तिसऱ्यांदा मी काहीच बंद केलं नाही. तेव्हा मात्र गंमत झाली. दीड मिनिट होत आलं तरी काही बिघडेना, तसा तो अस्वस्थ झाला, पाठ ताठ झाली, दोन्ही गोलांकडे आळीपाळीने बघायला लागला आणि धडधाकट यंत्रावरच संशय घेऊन विमान डावीकडे झुकवलं. पंधरा अंश असेल, वीस असेल. मग हसला, सरळ केलं. पण मानेवर घाम होता. मला त्या घामाचं वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली. चौकोनावर बोट ठेवून बसलेल्या माणसाला असं वाटतं.

त्याला बिघाड होणार हे ठाऊक होतं, एवढाच काय तो फरक. याचं एक मापही विमानांच्या जगात होऊन गेलंय. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कहून उडालेलं विमान पक्ष्यांच्या थव्यात सापडलं, दोन्ही इंजिनं गेली आणि ते हडसन नदीत उतरवलं, १५५च्या १५५ वाचले. नंतर चौकशीत वैमानिकांना सिम्युलेटरवर बसवून बघितलं की परत विमानतळावर जाता आलं असतं का. पक्षी लागताक्षणी वळलेल्यांपैकी काहींना जमलं. मग माणसाला काय झालंय हे कळायला आणि काय करायचं ते ठरवायला लागणारा वेळ म्हणून ३५ सेकंद मध्ये घातले, तर विमान धावपट्टीपर्यंत पोचलं नाही. ती ३५ सेकंदं कुणाला तरी घालावीशी वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं. सुमेधच्या शीटमध्ये त्यांच्यासाठी रकाना नाही. १९८९ चं अमेरिकेतल्या सू सिटीचं विमानही असंच, पाडायला नव्हे तर वाचवायला पुन्हा पुन्हा सिम्युलेटरवर उडवून बघितलेलं. विमान वळवणारी सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेलेली, नुसत्या इंजिनांच्या जोरावर ते धावपट्टीपर्यंत आणलं, २९६ पैकी १८४ जण जगले. नंतर इतर वैमानिकांना सिम्युलेटरवर ते सुखरूप उतरवता येईना. तेव्हा हे खेळणं नुसतं खेळणं नाही, एवढं मी मान्य करते. टेनेरीफचा सुमेधचा व्हिडिओ तर मला आवडतो. त्यात त्याने धुकं खरोखर धुक्याएवढंच ठेवलं होतं आणि दुसरं जम्बो शेवटच्या काही क्षणांपर्यंत दिसत नाही. तो फार कमी लोकांनी बघितला.

आणि याच्या उलटही बघितलंय. २०२५ साली १२ जूनला, गुरुवारी, अहमदाबादचं झालं. दुपारी बँकेत कॅश काउंटरवरच्या मुलीच्या मोबाइलवर पहिल्यांदा कळलं. विमानातल्या कर्मचाऱ्यांत डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडची मुलं होती. आमच्या इथून डोंबिवली वीस मिनिटांवर, लोकलमध्ये दोन दिवस लोक हळू आवाजात बोलत होते. त्याच संध्याकाळी घरी आले तर मोबाइलवर ते विमान सिम्युलेटरमध्ये पडायलाही लागलं होतं. लाल गोल, पिवळा बाण, तोंडाचा आ केलेला चेहरा आणि 'खरं कारण'. कुणी म्हणे पंखांवरचे फ्लॅप्स, कुणी म्हणे पक्षी. महिन्याने प्राथमिक अहवाल आला, त्यात इंधनाच्या स्विचचं निघालं, तरी फ्लॅप्सवाले व्हिडिओ आपले तिथेच. अजूनही असतील. त्या दिवशी मी सुमेधला जेवताना विचारलं होतं, तू नाही ना केलास? तो एवढा दुखावला की भात अर्धवट ठेवून उठला. "मावशी, लोक अजून सापडायचेत," म्हणाला. त्याच्या शीटमध्ये ती ओळ आजही नाही. मग किती वर्षं झाली की चालतं? मी विचारलं तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पंचवीस? चाळीस? अठ्ठेचाळीस?

शनिवारच्या त्या प्रयोगानंतर रात्री एकला त्याने मला बक्षीस म्हणून विमान आतून फिरवून दाखवलं. कॅमेरा कॉकपिटच्या दारातून मागे सरकला. जिना, वरचं लाउंज, खालच्या रांगा. सगळ्या रिकाम्या. सीटच्या पाठी सरळ, पट्टे नीट घडी घातलेले, वाचायचे छोटे दिवे लागलेले. विमान हवेत, दुबईकडे तोंड करून, आणि आत चिटपाखरू नाही. मला पोटात कसंतरी झालं. "माणसं नाही का टाकता येत?" असं विचारलं आणि विचारताच जीभ चावली, कारण टाकली असती तर? त्यांना त्या कललेल्या विमानात बसवून पुन्हा पाण्यात नेणारा व्हिडिओ मी बघितला असता का? तो म्हणाला, येतात, पण ती पुतळ्यासारखी बसतात, विमान उलटं झालं तरी हलत नाहीत. म्हणून कुणी टाकत नाही.

काल रविवार, आजीचा, म्हणजे माझ्या आईचा फोन. सुमेधने स्पीकरवर टाकला. आई १९७८ साली खारला होती, दांड्याच्या कोळीवाड्यापासून दहा मिनिटांवर, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. त्याला अर्थात कळवळून विचारायचं होतं, आजी, आवाज आला का? ज्वाळा दिसल्या का? तू कुठे होतीस? आई म्हणाली, "कसला आवाज? रविवार होता, सगळी चाळ पाटणकरांकडे टीव्हीसमोर. आम्हाला सकाळी पेपरात कळलं." सुमेधचा चेहरा पडला. ती बोलत राहिली, तिला एकदा सुरुवात झाली की फोन ठेवायला वेळ लागतो. एअर इंडियात असलेला शेजारचा मुलगा दोन दिवस घरी आला नाही. बाबा ऑफिसातून येताना रोज समुद्राच्या बाजूने यायचे, ते रेल्वेच्या बाजूने यायला लागले. आणि मग म्हणाली, मासे बंद केले होते.

"म्हणजे?" सुमेध.

"म्हणजे खायचे बंद. तुझ्या पणजीने सांगितलं, महिनाभर समुद्राचं काही घरात आणायचं नाही. कुणी तसा नियम केला नव्हता, पण अख्ख्या चाळीत कुणी घेईना. दांड्याची कोळीण यायची आमच्याकडे, रोजची. आली ती आपली नेहमीसारखी, दारात टोपली उतरवली. पापलेट होती, जानेवारीतली, हाताएवढी. मी नको म्हटलं. तिने का म्हणून विचारलं नाही. वरच्या मजल्यावर गेलीच नाही, पायरीवर बसली, चहा घेतला, बराच वेळ बसली. मग म्हणाली, लाव हात. भरलेली टोपली एकटीला डोक्यावर घेता येत नाही ना. परत जाताना कधी भरलेली नसायचीच ती. मग मी एका बाजूने धरली."

सुमेधने वही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि तसाच बसून राहिला.